पासवर्डबद्दल गावाकडून येणारे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास चालवला की पोरं टायपिंग शिकायला येतात आणि त्यांचे मायबाप पासवर्ड विचारायला. शिष्यवृत्तीचे फॉर्म सुटले की गर्दी वाढते, कापसाची नोंदणी सुरू झाली की आणखी वाढते. दारव्हा, आर्णी, दिग्रस भागातल्या लोकांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे जमेल तितके त्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. उत्तरं धारणीपासून गोंदियापर्यंत कुठेही लागू पडतील. माझं एक मत आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी तेच आहे: आपल्याकडचे पासवर्ड फुटतात कमी आणि सांगून दिले जातात जास्त. जो पासवर्ड अर्ध्या गावाला ओळखता येतो, तोही सांगून दिल्यासारखाच.

माह्या खात्यात दोन-तीन हजारांच्या वर कधी राहत नाई. माह्या पासवर्ड कोन कायले चोरन?

वर्षभर दोन हजार राहत असतील, पण कापसाचा चुकारा जमा होतो त्या दिवशी दोन हजार नसतात. पीक कर्ज, विम्याची रक्कम, घरकुलाचा हप्ता, सगळं त्याच खात्यात येतं. ज्याच्या हाती तुमचा पासवर्ड आहे त्याला घाई नसते.

शिवाय रिकामं खातंही चोराच्या कामाचं असतं. दुसऱ्या कोणाचे लुबाडलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरवले जातात. तपास लागला की गोठतं तुमचं खातं आणि नोटीस येते तुमच्या घरी. व्हॉट्सॲप किंवा फेसबुक चोरीला गेलं, तर पैसे तुमचे जात नाहीत, साळ्याचे आणि व्याह्याचे जातात. 'दवाखान्यात आहो, दहा हजार टाक' असा निरोप तुमच्या नावाने आला की ते विचारपूस करत बसत नाहीत.

'गजानन@१२३' मध्ये काय खराब हाय? कॅपिटल हाय, आकडा हाय, चिन्हबी हाय.

शेगावची वारी करणाऱ्या घरांत हा पासवर्ड किंवा त्याचा सख्खा भाऊ हमखास सापडतो. कुठे जयगुरुदेव, कुठे जयभीम, कुठे जयसेवा, आणि पुढे @१२३ किंवा जन्माचं साल. श्रद्धा ठेवा, बिनधास्त ठेवा. पण जे तुमच्या गाडीच्या काचेवर, दुकानाच्या पाटीवर आणि व्हॉट्सॲपच्या डीपीवर लिहिलं आहे ते गुपित कसं राहील? पोराचं नाव आणि वाढदिवस तर आपण चौकात फ्लेक्स लावून जाहीर करतो.

यंत्रालाही हे ठाऊक आहे. पासवर्ड ओळखणारे प्रोग्राम आधी फुटलेल्या पासवर्डांच्या याद्यांवर चालतात. त्या याद्यांत देवांची, माणसांची, गावांची, क्रिकेटपटूंची नावं असतातच. प्रत्येक नावाला ते ठरलेले बदल लावून पाहतात: पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी १२३, 'ए'च्या जागी @, 'ओ'च्या जागी शून्य. तुम्हाला जी युक्ती वाटते ती त्यांच्या यादीत पहिल्या पानावर असते.

कॅपिटल, आकडा, चिन्ह हा आग्रह आला कुठून, तर अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेतून. तिथल्या बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेली मार्गदर्शिका जगभर उचलली गेली. लोकांनी नियम पाळला, पण सगळ्यांनी एकाच तऱ्हेने पाळला. २०१७ मध्ये बर यांनी स्वतःच त्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी निस्टने नियम बदलून लांबीवर भर दिला. आपल्याकडची कितीतरी पोर्टलं अजून जुन्याच वळणावर आहेत. त्यांनी चिन्ह मागितलं तर देऊन टाका. चिन्ह टाकलं म्हणजे काम झालं, असं मात्र धरू नका.

मंग चांगला पासवर्ड कसा राह्यते?

लांब, आणि तुमच्याशी काही घेणंदेणं नसलेला. माझी पसंती पाच सुट्या शब्दांना आहे. हे शब्द डोक्यातून काढू नका, कारण डोकं ओळखीचंच देतं: बैल, वावर, विहीर, पऱ्हाटी. शब्दकोश किंवा पोराचं पाठ्यपुस्तक घ्या, न पाहता पान उघडा, बोट ठेवा, येईल तो शब्द लिहा. असं पाचदा. समजा आले: कंदील, पपई, तराजू, शिट्टी, जहाज. इंग्रजी अक्षरांत लिहायचे, मधे टिंब किंवा आडवी रेघ. जहाजावर कंदील लावून कोणी तराजूत पपई जोखतो आहे आणि मधूनच शिट्टी मारतो आहे, असं काहीतरी चित्र मनात धरलं की दोन दिवसांत पाठ होतं. हा नमुना मी इथे लिहिला, म्हणजे तो आता बाद. तुमचा तुम्ही काढा.

पाचच का, याचा हिशेब करून दाखवतो, कारण क्लासमध्ये हा फळ्यावर मांडला की मग कोणी वाद घालत नाही. चोराच्या यंत्राने सेकंदाला १,००० कोटी पासवर्ड तपासले असं धरू. अशी यंत्रं आज खरोखर मिळतात. इंग्रजीतली आठ छोटी अक्षरं कशीही मांडली तर २०,८८२ कोटी शक्यता होतात, त्या एकवीस सेकंदांत संपतात. आता पाच हजार शब्दांचं पुस्तक धरा, आणि चोराकडेही तेच पुस्तक आहे असं धरा. त्यातले चार शब्द घेतले तर सगळ्या जोडण्या तपासायला सतरा-साडेसतरा तास लागतील. पाच शब्द घेतले तर जवळपास दहा वर्षं.

उलटं उदाहरण जन्मतारखेचं. आठ आकडे दिसतात म्हणून दहा कोटी शक्यता वाटतात, पण शंभर वर्षांत दिवस असतात सगळे मिळून साडेछत्तीस हजार.

एक गोची आपल्या भाषेची आहे. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिताना 'वांगी'ला व्ही की डब्ल्यू, 'शिट्टी'च्या शेवटी आय की डबल ई, हे आज एक ठरवतो आणि पोळा झाल्यावर दुसरंच टाकून पाहतो. तीनदा चुकतं, खातं बंद पडतं, आणि दोष पासवर्डाला. स्पेलिंग एकदाच ठरवा आणि शब्दाबरोबर तेही लिहून ठेवा. म्हणी, अभंगाचे चरण, भजनाची पहिली ओळ, सिनेमातलं गाणं हे काही घेऊ नका. जे छापलेलं आहे आणि नेटवर आहे ते यंत्रालाही वाचता येतं.

पासवर्ड देवनागरीत टाकला तं?

कल्पना वाईट नाही, पण बऱ्याच साइट घेत नाहीत. घेतलाच तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड नसतो आणि तुम्ही अडकता. इंग्रजी अक्षरंच बरी.

साइट तं तीन-चारदा चुकलं की बंदच करते. मंग कोट्यवधी पासवर्ड चोर तपासते कुठं?

हा प्रश्न विचारणारा पोट्टा हुशार. लॉगिनच्या पानावर इतके प्रयत्न करता येत नाहीत, बरोबर. म्हणून चोर साइटची पासवर्डांची फाइलच पळवतो आणि आपल्या यंत्रावर सावकाश बसतो.

चांगली साइट पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही. त्याच्यावर गणिती प्रक्रिया करून निघालेला 'हॅश' साठवते. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू करता येत नाही, तसं. पण चोर याद्यांतले नवनवे गहू दळत राहतो आणि कोणाचं पीठ जुळतं ते पाहतो. वर धरलेला वेग त्या दळण्याचा आहे. काही साइट मुद्दाम फार हळू चालणारी पद्धत वापरतात, तिथे चोराचं काम हजारो पटींनी वाढतं. कोणती साइट काय करते हे बाहेरून कळत नाही, म्हणून वाईटात वाईट धरून चालायचं. वाईट किती असू शकतं? २००९ मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकी कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले, ते सरळ वाचता येतील असे ठेवलेले होते. त्यात सगळ्यांत जास्त लोकांनी ठेवलेला पासवर्ड १२३४५६ होता. ती यादी चोरांपासून अभ्यासकांपर्यंत सगळे आजही वापरतात.

एकच मजबूत पासवर्ड बनवला आन् सगळीकडं टाकला तं चालन ना?

नाही. एखाद्या शायरीच्या ॲपमधून किंवा जुन्या नोकरीच्या साइटवरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड फुटला, की तीच जोडी यंत्र बँकेपासून फेसबुकपर्यंत सगळीकडे टाकून पाहतं. तिथे पासवर्ड पाच शब्दांचा आहे की पन्नास, याने फरक पडत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनवरून चोरलेले जवळपास ११ कोटी ७० लाख पासवर्ड २०१६ मध्ये विक्रीला आले. त्यानंतर काही दिवसांतच खुद्द मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती काही वेळ दुसऱ्याच्या हाती गेली. घेणाऱ्यांचं म्हणणं होतं, पासवर्ड त्या लिंक्डइनच्या यादीतूनच मिळाला. फेसबुक बनवणाऱ्याची ही गत.

सगळ्यांना सारखं जपायची गरज नाही, हेही सांगतो. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्या ठिकाणी 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड ठरवण्याची लिंक तिथेच येते. मग बँक. मग पोराचं महाडीबीटीचं खातं, जिथे शिष्यवृत्ती अडकली की वर्ष अडकतं. रेसिपीच्या साइटला काहीही ठेवा, फक्त या तिघांतलं ठेवू नका.

माह्या फोनातला जीमेल मोबाइलच्या दुकानवाल्यानं बनवून देल्ला. पासवर्ड त्यालेच माहीत.

तुमच्यासारखे खूप आहेत. फोन घेतला, दुकानातल्या पोऱ्याने घाईत एक जीमेल काढला, पासवर्ड दुकानाचा नेहमीचा, आणि रिकव्हरीला, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायला, नंबर कधीकधी त्याचा स्वतःचा. तो माणूस सज्जन असेल. पण तुमचे फोटो, संपर्क आणि बँकेच्या ईमेलची वाट त्याच्या हातात आहे, आणि तेच त्याने महिन्यात शंभर गिऱ्हाइकांना करून दिलं आहे.

आजच करा: फोनच्या सेटिंगमध्ये गूगल, तिथे खात्याचं व्यवस्थापन, तिथे सुरक्षा. आधी रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपला टाका. जुना पासवर्ड माहीत नसेल तर 'पासवर्ड विसरलो' निवडा. खातं ज्या फोनात चालू आहे त्याच फोनाच्या स्क्रीन लॉकने बरेचदा ओळख पटते. नवा पासवर्ड ठेवा, मग 'तुमची उपकरणं' ही यादी उघडून अनोळखी फोन दिसतील ते लॉगआउट करा.

एवढे पासवर्ड ध्यानात कसे ठेवाचे?

ठेवूच नका. ईमेलचा आणि फोन लॉकचा तेवढा पाठ करा, बाकीचे लिहा.

'पासवर्ड कुठेही लिहू नका' हा उपदेश शहरातल्या ऑफिसांसाठी ठीक होता, जिथे लोक तो चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवत. घरातल्या कपाटात, सातबारा आणि खरेदीखताबरोबर ठेवलेली वही दिल्ली-झारखंडात बसलेल्या चोराला दिसत नाही. तुमच्या घरात चोरी होण्यापेक्षा तुमचा सोपा पासवर्ड ओळखला जाण्याची शक्यता जास्त. फक्त वहीवर 'पासवर्ड' असं मोठ्या अक्षरात लिहू नका, आणि यूपीआय पिन, एटीएम पिन त्या वहीत नकोत. तिचा फोटोही काढू नका. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं ही सगळ्यांत वाईट जागा, कारण फोन ज्याच्या हातात पडेल तो आधी तेच उघडतो.

ज्यांना फोन चांगला वापरता येतो त्यांनी पासवर्ड मॅनेजर वापरावा. अँड्रॉइडमध्ये गूगलचा असतोच, बिटवॉर्डनसारखा वेगळाही फुकट मिळतो. तो प्रत्येक साइटसाठी लांबलचक, अर्थहीन पासवर्ड स्वतः बनवतो आणि लक्षात ठेवतो. त्याचा आणखी एक फायदा कमी लोकांना माहीत आहे: खोट्या साइटवर तो पासवर्ड आपोआप भरतच नाही, कारण पत्ता जुळत नाही. जिथे नेहमी भरतो तिथे अचानक भरला नाही, तर थांबा आणि पत्ता वाचा.

सेवा केंद्रातल्या पोराले पासवर्ड सांगाच लागते. तो फॉर्म भरते, आपल्याले कुठं येते?

इथे माझं केंद्रवाल्यांशी जमत नाही, तरी सांगतो. फॉर्म भरून घेण्यात काही चूक नाही. चूक अशी की खातं काढताना पासवर्डही तोच ठरवतो, आणि सोय म्हणून गावातल्या सगळ्यांना एकच. मग तो एका रजिस्टरात नाव, आधार नंबर, मोबाइल, युजर आयडी आणि पासवर्ड असे रकाने पाडून लिहितो. ते रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. रांगेत उभा असलेला माणूस पान उलटू शकतो.

काय करायचं: पासवर्ड घरून लिहून न्या, 'हाच टाक' म्हणा. कीबोर्ड स्वतःकडे ओढून एका बोटाने टाकला तरी चालेल, मागचे लोक थांबतील. 'पासवर्ड सेव्ह करू का' असं कॉम्प्युटर विचारेल, त्याला नाही म्हणा. निघताना लॉगआउट झालेलं स्वतः पाहा. काम संपल्यावर, जमेल तेव्हा, फोनवरून पासवर्ड बदलून टाका.

ओटीपीचं वेगळं आहे. ई-केवायसीला तो लागतोच, केंद्रवाला मागणारच. पण मेसेज तुम्ही आधी वाचा, किंवा सोबतच्या पोरीला वाचायला लावा. कशासाठी आला ते मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. पीएम-किसानचं काम सांगितलं आणि ओटीपी बँकेचा आला, तर सांगायचा नाही.

अंगठ्याचं त्याहून वेगळं. बोट मशीनवर ठेवण्याआधी रक्कम विचारा, नंतर पावती घ्या. जे आधारवरून अंगठ्याने पैसे काढत नाहीत त्यांनी आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. अंगठा हा असा पासवर्ड आहे की तो फुटला तर बदलता येत नाही.

ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड तं सरकारनंच नाव आन् जन्मसाल ठेवला हाय. मंग आमी ठेवला तं काय झालं?

नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल हे सूत्र सगळ्या देशाला माहीत आहे. तो पासवर्ड आहे असं मी तरी मानत नाही. ती पीडीएफ व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवली, तर उघडीच पाठवली असं समजा. पुरावा म्हणून चालत असेल तिथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या, ती यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवरूनच मिळते.

मी सरपंच आहे. डोंगल आणि त्याचा पिन ऑपरेटरकडेच असतो. चालतं ना?

ताई, नाही चालत. त्या डोंगलमध्ये तुमची डिजिटल सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार तिला कागदावरच्या सहीइतकंच महत्त्व आहे. ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी पोर्टलवरून वित्त आयोगाच्या निधीची देयकं निघतात, त्याला सरपंच आणि सचिव दोघांच्या सह्या लागतात. दोन्ही डोंगल एकाच खणात असतील, तर दोन सह्यांचा नियम कागदावरच राहिला. चौकशी लागली की 'मला माहीत नव्हतं' हे ऐकून घेतलं जाईल, पण सही तुमचीच राहील. डोंगल घरी ठेवा, देयक निघायच्या दिवशी सोबत न्या, कशाचं देयक आहे ते वाचा, पिन स्वतः टाका. पहिल्या दिवशी लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे ऑपरेटरलाही सांगून ठेवा.

दोन टप्प्यांची पडताळणी लावा म्हनते. आमच्याकडं रेंजच नाई, ओटीपी येईन कसा?

दोन टप्प्यांची पडताळणी म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणं. मेळघाटातल्या आणि गडचिरोलीतल्या मंडळींची ही अडचण खरी आहे, पण तिला उपाय आहे. ऑथेंटिकेटर ॲपला रेंज लागत नाही. एकदा जोडलं की ते दर तीस सेकंदांनी नवा आकडा दाखवतं, नेटवर्क नसलं तरी. फोनचं घड्याळ तेवढं बरोबर हवं. शिवाय गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून त्याच वहीत ठेवा.

व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावायला दोन मिनिटं लागतात, आणि तो लावलेला असला तर मेसेजमध्ये आलेला कोड चुकून कोणाला सांगितला तरी खातं लगेच हातचं जात नाही. हे तरी आज करून टाका.

दोन सिम होते, रिचार्ज महाग झाला म्हनून एक सोडून देल्लं. काई होत नाई ना?

सोडलेल्या नंबरवर बँक, जीमेल किंवा आधार जोडलेलं असेल तर होऊ शकतं. बंद झालेला नंबर कंपनी निदान ९० दिवस कोणाला देत नाही, पण त्यानंतर देऊ शकते. मग तुमचे ओटीपी नव्या मालकाकडे जातात. नंबर सोडायच्या आधी सगळीकडे बदला, नंतर बदलायला गेलात तर जुन्याच नंबरवर ओटीपी पाठवतात.

एटीएम आन् यूपीआयचा पिन कोनता ठेवावा?

लग्नाचं साल नको, गाडीचा नंबर नको, १२३४ तर नकोच. २०१२ मध्ये फुटलेल्या सुमारे ३४ लाख चार आकडी पासवर्डांची छाननी झाली, त्यात जवळपास ११ टक्के नुसते १२३४ होते. यूपीआयला सहा आकडे ठेवता येत असतील तर सहा ठेवा. दोन्हीचा पिन वेगळा ठेवा. आणि पैसे *येण्यासाठी* पिन कधीच लागत नाही. 'संत्र्याचे पैसे टाकतो, पिन टाका' म्हणणारा व्यापारी व्यापारी नाही.

पासवर्ड दर महिन्याले बदलावा का?

नको. बदलायला लावलं की लोक १२३ चं १२४ करतात. फुटल्याचा संशय आला, दुसऱ्याला कळला किंवा केंद्रात टाकला, तर बदला.

पासवर्ड लय मजबूत ठेवला, आता काई भेव नाई ना?

आहे. पासवर्ड कितीही लांब असो, तुम्ही तो खोट्या साइटवर स्वतःच्या हाताने टाकलात तर लांबीचा उपयोग शून्य. योजनेची ई-केवायसी सुरू झाली की त्याच नावाच्या खोट्या साइट उगवतात. सरकारी पत्त्याच्या मुख्य भागाचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' असा असतो. 'गव्ह' मधेच कुठे असेल आणि शेवट वेगळा असेल, तर मागे फिरा.

त्याहून वाईट म्हणजे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइली, म्हणजे फोनात ॲप बसवणाऱ्या फाइली. लग्नपत्रिका, गाडीचं चलान, पीएम-किसानची यादी, नाव काहीही असतं. ती फाइल बसवली की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपी, परस्पर वाचले जातात. लग्नपत्रिका फोटो म्हणून येते किंवा पीडीएफ म्हणून. ती 'इन्स्टॉल' करावी लागत असेल तर ते लग्न तुमच्या सोयऱ्यांतलं नाही. ज्याच्या नंबरवरून आली त्याला फोन करून विचारा, बहुतेक वेळा त्याचंही खातं तसंच गेलेलं असतं.

घरात फोन एकच. बुढा, बायको, पोट्टे, सगळे वापरते. लॉक कसा ठेवाचा?

फोनला सहा आकडी पिन ठेवा, तो घरात सगळ्यांना माहीत असला तरी हरकत नाही. पण बँकेच्या आणि यूपीआयच्या ॲपला वेगळा लॉक लावा, तो ज्याचं खातं त्यालाच माहीत. लाडकी बहीणचे पैसे जिच्या खात्यात येतात तिचा पिन तिच्याकडेच असावा, नवऱ्याकडे नाही. यावर क्लासमध्ये दरवेळी दोन-चार पुरुष हसतात. पण बँकेच्या नियमातही पिन घरच्या माणसाला सांगायची मुभा नसते. पॅटर्न लॉक पोरं काचेवरचे बोटांचे डाग पाहून उघडतात, तो नको.

पासवर्ड गेला, पैसे गेले. आता काय करू?

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, लगेच. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात, लवकर कळवलं तर मधेच अडवता येतात. बँकेच्या नंबरवर फोन करून खातं आणि कार्ड थांबवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेचा नंबर पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. गूगलवर शोधलात तर तिथेही खोटे नंबर टाकलेले असतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, पत्ता 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'. नाहीच जमलं तर ठाण्यात जा.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, कोणी तिसऱ्यानेच व्यवस्थेत शिरून व्यवहार केला असेल आणि तुम्ही बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार दिली, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर तक्रार देईपर्यंतचं नुकसान तुमचं, पण दिल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस घरात बसून राहणं सगळ्यांत महाग पडतं.

दुसऱ्या स्वच्छ फोनवरून ईमेलचा पासवर्ड पहिल्यांदा बदला, बाकीचे नंतर. ईमेलमध्ये रिकव्हरी नंबर कोणाचा आहे आणि मेल दुसरीकडे फॉरवर्ड होते का, हेही पाहा. चोर जाताना अशी एखादी वाट ठेवून जातो.

घरच्या कर्त्या मानसाले काई झालं तं त्याच्या फोनातलं कसं निघन?

बँकेचं पिनने काढू नका. खातेदार गेल्यानंतर त्याच्या पिनने पैसे काढणं म्हणजे पुढे भावाभावांत कज्जा. खात्याला नॉमिनी, म्हणजे रक्कम स्वीकारायला नेमलेला माणूस, लावलेला असेल तर मृत्यूचा दाखला देऊन बँकेतूनच रक्कम मिळते. नॉमिनी लावलेला आहे का, हे पासबुकवर आताच पाहा. फोटो, कागदपत्रं, ईमेल यांचं काम गूगलच्या 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' या सोयीने होतं: तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला काय द्यायचं ते आधीच ठरवता येतं, दहा जणांपर्यंत. काहीच ठरवलं नसेल आणि खातं दोन वर्षं कोणी उघडलं नाही, तर गूगल ते पुसून टाकू शकतं. फोन लॉकचा पिन बंद लिफाफ्यात घालून, लिफाफ्याच्या जोडावर सही करून, एका भरवशाच्या माणसाजवळ ठेवा. पिन बदलला की लिफाफाही बदलायचा.